मनकर्णाचं घर कोन्तं?

आचल, तो चार्जिंगचा लाईट उशाशी नको ठेवू, पायाकडं ठेव. डोळ्यावर येते. अन् योगेंद्र, तुले खाली जाऊन यायचं असन तर आताच जाऊन ये. मंग मधात उठायचं नाई. अर्धी सोडून उठाले ही काई गोष्ट नाई. हे झालेलं हाय.

माझा दोस्त होता प्रेमदास. पाटबंधारे खात्यात आमी संगंच लागलो, संगंच म्हातारे झालो. तुमी त्याले पाह्यलं नाई. उंच, सडपातळ, बोलाले कमी. अन् भुताखेताचं तर त्याच्यासमोर नावच काढायची सोय नव्हती. अंगारा नाई, धुपारा नाई, दाराले लिंबू-मिरची नाई. कालव्याच्या कामावरचे मजूर ज्या झाडाले भेत, त्याच झाडाखाली हा जाऊन डबा खाये. "किसन, मेलेला मानूस काई करत नाई. जे करते ते जित्ता मानूस करते," हे त्याचं ठरलेलं बोलनं.

तर हा प्रेमदास दोन हजार तीन सालच्या तान्ह्या पोळ्याच्या रात्री, एक लाकडाचा बैल शेजाऱ्याले परत द्यायसाठी घरातून निघाला.

घर वर्ध्यातच. पवनारकडं जानाऱ्या रस्त्यानं आत वळलं की गृहलक्ष्मी ले-आउट लागे. आता असे ले-आउट गल्लोगल्ली झाले, पन हा जुना. झाडं मोठी झालेली. दोन्ही अंगानं टुमदार घरं, घरापुढं कर्दळी, जास्वंद, गेटजवळ तुळस नाईतर पारिजात. सारे लेकराबाळाचे लोक. कोनी बँकेत, कोनी वीज मंडळात, कोनाचं दुकान. मधात मोकळं मैदान. दिवसा तिथं पोट्टे क्रिकेट खेळत, कोजागिरीले बाया दूध आटवत. कोनाचं सिलिंडर संपलं तर बाजूचा आपलं उचलून देये. कोनाकडं पाव्हने वाढले तर गाद्या समोरच्या घरून. रात्री अंगनात सायकली तशाच उभ्या. चोरी नाई, भांडन नाई, दारू पिऊन ओरडनं नाई.

प्रेमदासनं सारी उमर सरकारी क्वार्टरात काढली होती. त्याले आपल्या लेकरासाठी अशीच जागा पाह्यजे होती. बायको धुरपता, पोरगा अनुप नागपूरले शिकाले, पोरगी पौर्णिमा दहावीत. आदल्या दिवाळीनंतर ते तिथं राहाले गेले. घर लय वर्ष रिकामं पडून होतं. काऊन रिकामं, हे कोनी सांगतलं नाई, अन् प्रेमदासनं विचारलं नाई.

बाजूले मधुकरराव राहात. कापडाचं दुकान, मोठा हसरा मानूस. पहिल्याच दिवशी त्यांच्या घरून चहा-पोहे आले. त्यांच्या बायकोनं, शकुंतलाबाईनं, धुरपताले सारी वस्ती फिरून दाखवली. दूधवाला कोन्ता, भाजी कुठं, बाई कोनाकडं कामाले हाय. धुरपता मले म्हने, "किसनभाऊ, माहेरी आल्यासारखं वाटते हो."

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी त्या मैदानात लेकराची जत्राच भरे. पोळा मोठ्या बैलाचा, दुसरा दिवस लेकराच्या लाकडी बैलाचा, हे तर तुमाले ठाऊकच हाय. बेगड लावलेले बैल, झुली, घुंगरं, कोनी पोट्टा शेतकरी झालेला, कोनी मिशा काढलेला. त्या वर्षी सजावटीचा नंबर काढाले प्रेमदासले बसवलं. पहिला नंबर मधुकररावच्या नातवाचा, भूपेंद्रचा. मंग सारे घरोघरी बोजारा मागत फिरले, खाऊ-पैसे घेऊन खिसे भरले, अन् भूपेंद्र दमून प्रेमदासच्या ओसरीतच झोपला. त्याले त्याच्या आजीनं उचलून नेलं. बैल तिथंच राह्यला.

जाताना शकुंतलाबाई दारात थांबली. पोराले खांद्यावर घेऊन. म्हने, "धुरपता, आज रात्री दार लावून घेजो. कोनी पानी मागतलं तरी उघडू नको."

"काऊन वं?"

शकुंतलाबाईनं आपल्या घराकडं पाह्यलं. "तसंच," म्हने. अन् गेली.

धुरपतानं नवऱ्याले सांगतलं. तो हसला. म्हने, पोळ्याच्या दिवसात लोक दारू पेतात, जुगार खेळतात, म्हनून म्हनत असन.

जेवनं झाली. नऊ वाजून गेलते. अनुप सांजच्या गाडीनं येनार होता, तो अजून आला नव्हता. तेवढ्यात लाईन गेली. साऱ्या ले-आउटची. अंधार गुडुप. प्रेमदासले तो बैल दिसला.

"सकाळी द्या ना," धुरपता म्हने.

"पोट्टं झोपेतून उठून आधी बैलच मागन. देऊन येतो. अनुपलेही पाह्यतो नाक्यापर्यंत."

काखोटीले बैल, हातात बॅटरी. निघाला.

मधुकररावचं गेट उघडंच होतं. बैलाची चाकं वाजू नाई म्हनून यानं तो उचलून धरलेला. ओसरीच्या पायरीवर कोनी बसलेलं दिसलं.

"मधुकरराव? हा भूपेंद्रचा बैल."



यानं बॅटरी मारली. मधुकररावच होते. बनियान, पायजमा. ताठ बसलेले. मांडीवर आडवी काठी. गुराख्याची नाई, चांगली तेल पाजलेली, जाड. डोळे उघडे. उजेड सरळ डोळ्यात, पन पापनी हलली नाई.

अन् ओठात शिटी. पोलीसवाल्याची असते तशी.

"मधुकरराव, तब्येत बरी हाय ना?"

श्वास तेवढा चालू. शिटीतून बारीक बारीक वाजून राह्यला... सूं... सूं...

प्रेमदासनं बैल पायरीवर ठेवला. त्याले वाटलं, झोपेत चालनारे लोक असतात, त्यातलं काई असन. घरच्याले उठवावं म्हनून दाराकडं गेला. दार आतून बंद. कडी वाजवली. आत कोनीतरी जागं होतं, कारन एक पोट्टं रडाले लागलं, अन् लगेच त्याचं रडनं दाबल्या गेलं. तोंडावर हात ठेवल्यासारखं.

"शकुंतलाबाई!"

दाराच्या फटीतून आवाज आला. अगदी हळू. "भाऊजी, घरी जा. पळा."

तो रस्त्यावर आला. समोर वीज मंडळवाल्याचं घर. त्याच्याही पायरीवर तो बसलेला. ताठ. मांडीवर काठी. त्याच्या पुढचा बँकवाला. तोही. बॅटरी फिरवत फिरवत प्रेमदास चालला, अन् घरागनिक पायरीवर एक एक मानूस. कोनाच्या हातात काठी, कोनाच्या हातात पाइप, कोनाजवळ क्रिकेटची बॅट. ज्याहीनं दुपारी लेकराले खाऊ वाटला तेच. डोळे उघडे, तोंडं बंद. सारे रस्त्याकडं पाहून राह्यलेले.

योगेंद्र, सरक इकडं. थंडी वाजते का?... बरं.

रस्त्याच्या तोंडाशी, नाक्याच्या बाजूनं, कोनीतरी आत वळलं.

अंधारात नुसता आकार. खांद्याले पिशवी. लंगडत नाई, पन थकलेला. पहिल्या गेटजवळ थांबला. काईतरी विचारलं. दुसऱ्या गेटजवळ थांबला. विचारलं. पायरीवरचे कोनीच बोलले नाई.

प्रेमदासले वाटलं, अनुप. खांद्याची पिशवी, तीच उंची, तीच चाल. त्यानं आवाज देल्ला, "अनुप, इकडं ये बापू!"

त्याच येळी मागून शिटी वाजली.

मोठी. लांब. कानात सुई घातल्यासारखी.

अन् सारे उठले.

एकाच दमात. पायऱ्या उतरले. गेटं उघडली. धावले नाई, चालत आले. चारी बाजूनं. चपला नव्हत्या कोनाच्या पायात. प्रेमदासच्या अंगाजवळून गेले, पन त्याच्याकडं पाह्यलंही नाई. त्या पिशवीवाल्याभोवती गोल झाला.

पहिली काठी पडली.

ओल्या पोत्यावर मारावं तसा आवाज. मंग दुसरी. मंग मोजमाप नाई. तुरी झोडतात ना खळ्यात, तसं. पन तिथं मानसं बोलतात, हसतात. इथं कोनी बोलत नव्हतं. शिवी नाई. "मार" नाई, "चोर" नाई. नुसता काठ्यांचा आवाज अन् मानसाईच्या नाकातला श्वास. हाड मोडलं की बारकं कट्टकन् वाजे. खालचा ओरडला नाई. तो फक्त म्हनून राह्यला, "नाई भाऊ... नाई भाऊ..."

"माझा पोरगा हाय!" प्रेमदास ओरडला. "मधुकरराव! सोडा! अनुप हाय तो!"

तो घुसला त्यात. एकाले ओढलं, दुसऱ्याची काठी धरली. त्या हातात असा जोर, की हा फेकल्या गेला. परत उठला. खांद्यावर पाइप बसला. डावा हात तिथंच लुळा पडला. बॅटरी कुठं पडली कोनाले ठाऊक. मंग त्याले दुसरं काई सुचलं नाई. तो पोरावर पालथा पडला. अंगानं झाकलं त्याले. डोकं छातीखाली घेतलं.

आता काठ्या याच्या पाठीवर.

बरगडी गेली. तोंडात रक्त आलं. तरी त्यानं सोडलं नाई. बाप होता तो. म्हने, "मरू दे मले... बापू, हलू नको... हलू नको..."

खालून दोन हात वर आले. अन् त्याहीनं याच्या पाठीले मिठी मारली. बुडनारा मानूस धरते तशी. बोटं मासात रुतली.

कानाजवळ आवाज आला.

"भाऊ... पानी देता का?"

तो आवाज अनुपचा नव्हता.

प्रेमदासच्या गालाले मिशा लागल्या. जाड, ओल्या. अनुपले तर मिशाच नव्हत्या...

काठ्या पडूनच राह्यल्या. खालचा धापा टाकून राह्यला. मंग हळूच म्हने,

"मनकर्णाचं घर कोन्तं?... मनकर्णाचं घर..."

प्रेमदासनं मले मागाहून सांगतलं. म्हने, किसन, मले समजलं होतं की हे जित्तं नाई. माझ्या छातीले छाती लागून होती, अन् तिच्यात ठोका नव्हता. पन सोडून उठू कसा? मार तर त्याले पडून राह्यला होता.

तो त्याच्या कानात म्हनला, "चाल. माझ्या घरी चाल तू."

लाईन आली.

साऱ्या रस्त्याचे दिवे एकदम लागले. हातातल्या काठ्या वरच थांबल्या. लोक पापन्या मिचकावाले लागले. वीज मंडळवाला आपल्या उघड्या पायाकडं पाहे. मधुकररावच्या तोंडातून शिटी गळून पडली.

"प्रेमदासजी?... तुमी खाली काऊन पडले?"

मंग त्याले आपल्या काठीवरचं रक्त दिसलं.

प्रेमदासच्या खाली रस्ता होता. नुसता डांबराचा रस्ता. कोनी नाई. पिशवी नाई. अनुप तर घराकडून पळत आला, नुसत्या बनियानवर, पायात स्लिपर. त्याच्या दोस्तानं त्याले मागच्या गल्लीतून मोटरसायकलनं सोडलं होतं. तो येऊन हातपाय धूत होता, तेव्हा बापाचं ओरडनं ऐकू आलं त्याले.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. तोंड सुजलेलं, हात प्लास्टरात, श्वास घेताना मानूस कन्हे. पोलिसाले त्यानं काय सांगतलं असन? म्हने, लाईन नव्हती, मले चोर समजले. तेवढंच. धुरपता भांडली त्याच्यासंगं. "तुमाले जीवे मारत होते, अन् तुमी त्याहीले वाचवता?" तो म्हने, "आधी मले समजू दे, ते कोनाले मारत होते."

सांजच्याले शकुंतलाबाई आली. एकटी. स्टुलावर बसली अन् पदराचं टोक पिळाले लागली. मंग तिनं सांगतलं. मी तिथंच होतो. माझ्या कानानं ऐकलं.

चौऱ्यान्नव सालची गोष्ट. त्या वर्षी चड्डी-बनियानवाल्या टोळीची अफवा साऱ्या जिल्ह्यात. अंगाले तेल लावून येतात, घरात घुसून बायका-लेकराले मारतात, असं. या ले-आउटच्या मानसाईनं गस्त सुरू केली. काठ्या, शिट्ट्या. रोज रात्री. बाया चहा करून देत. चोर काई कधी आला नाई. पन भेव मात्र रोज येये.

तान्ह्या पोळ्याच्या रात्री एक मानूस आला. गाडी रस्त्यात बंद पडली म्हनून उशीर झाला होता त्याले. नवीन जागा, अंधार. हा घरोघरी गेट वाजवून पत्ता विचारे, पानी मागे. कोनीतरी शिटी मारली. कोनीतरी ओरडलं, आले, आले! सारे धावले. त्याले बोलूच देल्लं नाई.

"पिशवीत हत्यार हाय म्हने," शकुंतलाबाई बोल्ली. "मंग पिशवी उघडली. त्यात पुरनपोळ्या होत्या, फडक्यात बांधलेल्या. अन् लहान लेकराचा ड्रेस."

"मनकर्णा कोन?" प्रेमदासनं विचारलं.

तिनं मान वर केली नाई. "त्याची बहीन. भाड्यानं राहे. तुमच्याच घरात, भाऊजी. नुकतीच आली होती. बाहेर चोर-चोर झालं, तिच्या नवऱ्यानं दाराले आडना लावला. ती म्हने, आवाज वळखीचा वाटते हो... त्यानं तिले धरून ठेवलं."

 बाजूच्या खाटेवरचा पेशंट खोकला.

मुडदा गस्तीवरच्या मानसाईनं मोठ्या रस्त्यावर नेऊन टाकला. गाडीखाली आला, असं दाखवलं. सकाळी मनकर्णा गर्दीत पाहाले गेली... आठ दिवसात ती अन् तिचा नवरा घर सोडून गेले. कुठं, कोनाले ठाऊक नाई. अन् तवापासून दर साली त्या रात्री या वस्तीतले मानसं झोपेतून उठत, काठ्या काढत, रिकाम्या रस्त्यावर झोडपत अन् परत येऊन झोपत. सकाळी हाताले फोडं. त्याहीले काई आठवे नाई. बायाले सारं ठाऊक. बाया दारं लावून लेकराच्या तोंडावर हात ठेवून बसत.

"इतके वर्ष?" मी विचारलं.

"कोनाले सांगू, भाऊ?" ती म्हने. "आमच्याच घरचे होते."

प्रेमदास दवाखान्यातून आला. साऱ्याले वाटलं, घर विकन अन् जाईन. धुरपताही तेच म्हने. तो गेला नाई. हात गळ्यात बांधलेला, तसाच घरोघरी फिरला. प्रत्येकाच्या पायरीवर उभा राहून एकच बोल्ला, "तो चोर नव्हता. बहिनीकडं आलता. जाऊन सांगा." दारं लागली त्याच्या तोंडावर. ज्या घरातून गाद्या येत, त्या घराहीनं बोलनं सोडलं. पौर्णिमाच्या मैत्रिनी यायच्या बंद झाल्या. शांत वस्तीत यानं घान आनली, असं लोक म्हनत.

साऱ्या मानसाईतून एक मधुकररावच गेले ठाण्यात. शकुंतलाबाई संगं होती. तिथं बसून त्याहीनं आपलं नाव सांगतलं, पहिली काठी माझी म्हनून सांगतलं. जुनी गोष्ट, ना मुडदा, ना साक्षीदार. साहेबानं पानी पाजून परत पाठवलं म्हनतात. त्यानंतर मधुकरराव दुकानात बसले नाई. खात नव्हते. पुढच्या पोळ्याच्या आतच गेले.

पन मानसाईचं ते रात्रीचं उठनं बंद झालं. पुढच्या साली तान्ह्या पोळ्याच्या रात्री प्रेमदासनं आपलं दार सताड उघडं ठेवलं, ओसरीत पान्यानं भरलेला गडवा ठेवला, अन् रात्रभर खुर्ची टाकून बसला. मीही होतो. कोनी पायरीवर आलं नाई. शिटी नाई. कुत्रं भुंकलं नाई. मी त्याले विचारलं, "आता कुठं गेला असन रे तो?"

त्यानं सदऱ्याच्या वरून आपली पाठ खाजवली, बस.

त्याच्या पाठीचं राह्यलंच की सांगाचं.

दवाखान्यात डॉक्टरनं त्याची पाठ मले दाखवली होती. काठ्यांचे वळ आडवेतिडवे, काळेनिळे. पन त्याच्यात, खांद्यामागच्या दोन्ही खवाट्यांच्या खाली, दोन पंजे. पाच अन् पाच बोटं. डॉक्टर म्हने, हा मार नाई, हे कोनी धरलेलं हाय. काठ्यांचे वळ महिन्याभरात गेले. ते पंजे गेले नाई. धुरपतानं तेल लावलं, हळद लावली. निळेच्या निळे.

दोन हजार आठच्या थंडीत प्रेमदास वारला. झोपेतच. आमी सकाळी आंघोळ घातली त्याले. अनुप पानी टाके, मी पाठ चोळे. रात्रभराचा मुडदा तो, लाकडासारखा ताठ, बर्फासारखा थंड. माझे हात गारठले.

मंग माझा हात त्या पंजावर गेला...

आचल, लाईट नको वाढवू. राहू दे तसाच.

सारं अंग थंड होतं. ते दोन पंजे मात्र गरम होते.